खांद्याला पेलेल अशी रायफल

प्रस्तावना

रायफलीतून गोळी सुटते तेव्हा गोळीला आणि तिच्यामागच्या जळत्या वायूंना पुढच्या दिशेने जितका संवेग मिळतो, तितकाच मागच्या दिशेने रायफलीला मिळतो. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना शाळेत बंदुकीचे उदाहरण देतात ते यासाठीच. शाळेत सांगायचे राहते ते एवढेच, की हा धक्का शेवटी कुणाच्या तरी खांद्यावर येऊन थांबतो. आणि तो खांदा सहा फुटी जवानाचा आहे की सातवीतल्या मुलीचा, याच्याशी रायफलीला काही देणेघेणे नसते.

या पुस्तकाचा विषय तो खांदा आहे. अंगाने लहान आणि सडपातळ नेमबाज, नुकतीच रेंजवर येऊ लागलेली मुले-मुली, मानेचे किंवा खांद्याचे जुने दुखणे असलेली प्रौढ माणसे, आणि अंगापिंडाने धडधाकट असूनही धक्क्याला व आवाजाला बिचकणारे कितीतरी जण. या सगळ्यांनी रायफल कशी निवडावी, हा प्रश्न आहे. दुकानात, रेंजवर आणि घरात त्याला वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत आले आहे: माणूस लहान, तर बंदूक हलकी घ्या. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते.

हलकी बंदूक दुकानात हातात घ्यायला बरी वाटते, वाजवायला नाही. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन निम्मे केले, तर ती दुप्पट वेगाने मागे येते आणि खांद्यावर येणारी ऊर्जाही दुप्पट होते. आकड्यांत पाहिले की अंतर डोळ्यांत भरते. .२२ काडतुसाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगाने जाते. साडेपाच किलोच्या स्पर्धेच्या रायफलीतून ती सुटली, तर मागे येणारी ऊर्जा एक जूलच्या दहाव्या हिश्श्याइतकीही भरत नाही. साडेतीन किलोच्या रायफलीतले .२४३ विंचेस्टर हे काडतूस सुमारे १२ जूल देते, पावणेचार किलोच्या रायफलीतले ७ × ५७ मिलिमीटर सुमारे १६ आणि तेवढ्याच वजनातले .३०-०६ सुमारे २६. तीन किलोच्या एकनळी बारा बोअरमधून ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस उडवले, तर हाच आकडा ४० जूलच्या आसपास जातो. म्हणजे गावाकडे जिला साधी बंदूक म्हणतात, ती मोठ्या जनावरांसाठी बनवलेल्या रायफलीपेक्षा जबर दणका देते. सवय नसलेल्या माणसाने २० जूलच्या पुढे जाऊ नये, असे बरेच जाणकार सांगतात. ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण सुरुवातीला हाताशी ठेवायला बरी आहे.

हा झाला मोजता येणारा धक्का. जाणवणारा धक्का वेगळा असतो. तेवढीच ऊर्जा खांद्याच्या खोबणीत नीट बसलेल्या रुंद, मऊ पॅडवर आली तर ती ढकलल्यासारखी वाटते. हाडावर टेकलेल्या अरुंद, कडक बटवर आली तर ती ठोशासारखी लागते. दस्ता फार लांब असेल तर बट खांद्यावरून घसरून दंडावर येते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळानिळा डाग उमटतो. दस्त्याची वरची कड गालाला नीट लागत नसेल, तर प्रत्येक बारागणिक गालफडावर चापट बसते. अंगाने लहान माणसाला धक्का जास्त लागतो याचे मुख्य कारण त्याचे वजन कमी असणे हे नाही. बहुतेक रायफली त्याच्या मापाच्या नसतात, हे आहे. त्या घडवल्या गेल्या युरोप-अमेरिकेतल्या मध्यम बांध्याच्या पुरुषासाठी. या पुस्तकाची सारी मांडणी याच एका निरीक्षणावर उभी आहे.

धक्क्याचा बहुतेक अभ्यास शिकारीच्या रायफलींवर झाला आहे आणि त्यावरचे साहित्य परदेशी आहे, म्हणून शिकारीचा मुद्दा आधीच स्पष्ट केलेला बरा. भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही. मुंबई राज्यात १९५१ पासूनच वन्यप्राणी व पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा होता; १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने देशभर चौकट घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारेही बंद केली. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या विशिष्ट प्राण्यांपुरती कलम ११ मध्ये तरतूद आहे, पण तीही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच. तेव्हा या पुस्तकात शिकारीची रायफल येते ती धक्क्याचा इतिहास समजावा म्हणून. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या हातात प्रत्यक्षात येणार आहे ती रेंजवरची एअर रायफल, .२२ची रायफल किंवा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक.

तो इतिहास रंजक आहे. काळ्या दारूच्या जमान्यात जोर हवा असेल तर गोळी जड करण्यावाचून इलाज नव्हता. १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेली मार्टिनी-हेन्री रायफल तीस ग्रॅमहून जड शिशाची गोळी फेकत असे आणि तिच्या दणक्याबद्दल शिपाई कुरकुरत. धूर न करणारी दारू आल्यावर चित्र पालटले: गोळी बारीक आणि हलकी, वेग दुप्पट. १८९० च्या दशकात स्वीडन-नॉर्वेची ६.५ × ५५ आणि जर्मनीची ७ × ५७ ही काडतुसे आली. मवाळ धक्का आणि तरीही पुरेसा पल्ला यांचा मेळ त्यांच्यात असा जमला की सव्वाशे वर्षांनंतरही ती बनतात. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती .२७५ची, म्हणजे ७ × ५७ चेच इंग्रजी नाव असलेली. कॉर्बेटच्या पुस्तकांवर पोसलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादी प्रचंड दुनळी तोफ असते. प्रत्यक्षात कुमाऊँच्या डोंगरांत तो वर्षानुवर्षे घेऊन हिंडला ती हलक्या धक्क्याची रायफल. वाघ पडतो तो गोळी योग्य जागी लागल्याने, आणि गोळी योग्य जागी लागते ती नेमबाज बिचकला नाही तर, हे शिकाऱ्यांना फार लवकर उमगले होते. पुढे अमेरिकेत १९५५ साली .२४३ विंचेस्टर, १९८० साली ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन आणि २००७ साली ६.५ क्रीडमूर आले. मधल्या काळात ‘मॅग्नम’ काडतुसांचे वारेही जोरात वाहिले आणि अनेक बऱ्या नेमबाजांचा नेम त्यात गेला.

दुसरा प्रवाह प्रशिक्षणाचा. बोअर युद्धात आपल्या शिपायांचा नेम कच्चा असल्याचे इंग्रजांच्या ध्यानात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे .२२च्या क्लबांचे पेव फुटले. काडतूस स्वस्त, जागा कमी लागते आणि धक्का नाही. नवशिक्याने धक्क्याशिवाय नेम शिकावा आणि मग मोठ्या रायफलीकडे जावे, ही कल्पना तेव्हा रुळली. भारतात ती राष्ट्रीय छात्रसेनेने घरोघर नेली. १९४८ साली स्थापन झालेल्या एनसीसीत आजही कॅडेटचा पहिला बार .२२ चाच असतो. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना अंजली वेदपाठक रेंजवर आल्या त्या एनसीसीतूनच. पुढे अंजली भागवत या नावाने त्यांनी २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ ची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हेच तिचेही पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेआधीची निवड स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पोरे ‘मावळंकर खेळलो’ असे सहज सांगतात. मावळंकर कोण, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. सुरुवातीची बरीच वर्षे या खेळावर राजेरजवाड्यांची आणि शिकारीच्या छंदिष्टांची छाप होती. महाराष्ट्रात ती पुसली गेली वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर. नौदलातून आलेले प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशी मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींची एक पिढीच तयार झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीला संकुल उभे राहिले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोला १० मीटर एअर रायफलचे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले, ते १ ऑगस्ट २०२४ रोजी. त्या पदकानंतर अनेक आईबापांनी मुलांना नेमबाजीच्या वर्गात घातले. मापाच्या रायफलीचा प्रश्न आज इतक्या घरांत येऊन ठेपला आहे तो त्यामुळेच.

पनवेल नेमबाजीच्या नकाशावर आहे ते सुमा शिरूर यांच्यामुळे. मूळच्या कर्नाटकातल्या शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. नवीन पनवेलात कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत त्यांनी ‘लक्ष्य’ हा क्लब सुरू केला. कर्नाळ्याच्या सुळक्याखालच्या ज्या रानात आज पक्षी अभयारण्य आहे, त्याच्यापासून फार लांब नसलेल्या गावात आता बंदूक फक्त कागदी आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर रोखली जाते, ही गंमत नोंदवण्याजोगी. टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अवनी लेखरा यांच्या प्रशिक्षक शिरूरच. पॅरा नेमबाजीचे वर्गीकरण या पुस्तकाच्या विषयाला थेट भिडते. रायफलीचे वजन स्वतःच्या हातांनी पेलू शकणारे एसएच १ वर्गात येतात आणि पेलू न शकणाऱ्यांना एसएच २ वर्गात स्प्रिंगच्या स्टँडचा आधार मिळतो. शरीराला काय पेलते हे आधी तपासायचे आणि मग खेळ बेतायचा, हे तत्त्व पॅरा खेळाडूंसाठी नियमातच लिहिलेले आहे. बाकीच्यांसाठी ते प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले असते.

धक्का आवाक्यात आणण्याबाबत जाणकारांत ढोबळमानाने चार पंथ आहेत. पहिला वजनवाद्यांचा: रायफल जड करा. हिशेबाने ते खरेच आहे, फक्त ती उचलून धरणाऱ्याचे दंड भरून येतात, हे हिशेबात धरलेले नसते. दुसरा काडतूसवाद्यांचा: मवाळ काडतूस निवडा, बाकी आपोआप जमते. हा पंथ सर्वांत शहाणा, पण भारतात त्याला कायद्याची वेसण आहे. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही काडतुसे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. परवान्यावर मिळतात ती .३१५, .३०-०६, .२२ अशी मोजकी. ज्या काडतुसांची परदेशी मासिके तारीफ करतात, ती इथल्या दुकानांत सहसा दिसतच नाहीत. तिसरा पंथ साधनवाद्यांचा. रबरी पॅड, नळीच्या तोंडाशी बसवायचा ब्रेक, दस्त्यात लपवलेला पारा. ब्रेकने धक्का घटतो हे खरे. पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो, आणि बिचकणाऱ्या माणसाला तोच जास्त छळतो. सायलेन्सर परदेशात या कामी वापरतात, भारतात खासगी परवानाधारकाला तो मिळत नाही. चौथा पंथ मापवाद्यांचा: दस्ता शरीराच्या मापाचा करा, बाकीचे त्यानंतर बघू. हे पुस्तक या चौथ्या बाजूचे आहे आणि ते लपवण्याचा प्रयत्नही करत नाही.

माप घेणे अवघड नाही. कोपर काटकोनात वाकवायचे, बट कोपराच्या खोबणीत टेकवायची आणि बोट ट्रिगरकडे न्यायचे. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सहज टेकला तर लांबी बरोबर. नुसते टोक पोहोचत असेल तर दस्ता लांब. कारखान्यातून येणाऱ्या दस्त्याची ट्रिगरपासून बटपर्यंतची लांबी साधारण साडेतेरा इंच असते. पाच फुटांच्या आसपासच्या माणसाला बहुतेकदा बारा ते साडेबारा पुरते. कोपराचे हे माप फक्त सुरुवातीचे. खरी परीक्षा रायफल खांद्याला लावल्यावर होते. नेमबाजाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. साइट समोर आपसूक दिसली तर काम झाले. मान ताणावी किंवा झुकवावी लागली तर चीकपीस, म्हणजे गाल टेकतो तो दस्त्याचा भाग, वरखाली करायला हवा. लहान चणीच्या माणसाची आणखी एक खूण लांबूनच ओळखू येते: रायफल जड आणि तोंडाकडे झुकणारी असली, की तो कमरेतून मागे वाकून तिचा तोल साधू लागतो. अशा वाकलेल्या अंगावर धक्का आला तर तो एक पाऊल मागे ढकलला जातो आणि पाहणारे म्हणतात, याला रायफल झेपत नाही. तिथे दोष तोलाचा असतो. लाकडी दस्ता सुताराकडून इंचभर कापून घेणे हा जुना, स्वस्त आणि आजही उत्तम उपाय आहे. कापलेला तुकडा मात्र जपून ठेवावा, कारण मुले वाढतात.

एअर रायफलीच्या जगात सगळा हिशेब उलटा होतो, आणि मराठी वाचकाला हाच भाग सर्वांत जास्त उपयोगी पडावा. ४.५ मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटर वेगाने सुटतो. साडेचार किलोच्या रायफलीवर त्याचा धक्का जेमतेम हजारांश जूल, म्हणजे नसल्यातच जमा. इथे शत्रू वजन आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार १० मीटरच्या रायफलीला साडेपाच किलोची कमाल मर्यादा आहे. २०१८ पासून महिलांच्याही फैरी ४० वरून ६० झाल्या. पंचवीस-तीस किलोच्या मुलाने साडेचार-पाच किलोची रायफल साठ वेळा, सरावात त्याहून कितीतरी जास्त वेळा उचलायची, म्हणजे कंबरेची आणि पाठीची परीक्षाच. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. थकलेले खांदे तो कुठल्या कुठे नेतात. मुलांसाठी हलकी ज्युनियर मॉडेल मिळतात, सुरुवातीला स्टँडचा आधारही देता येतो. तरीही अनेक पालक ‘एकदाच काय ते चांगले घेऊ’ म्हणून ऑलिंपिकवाल्यांची रायफल लहानग्याच्या हाती देतात. तीन वर्षांनी पाठदुखी घेऊन मूल खेळ सोडते आणि रायफल कपाटात पडून राहते.

एअर रायफलीतही एक प्रकार धक्का देतो, तो स्प्रिंगचा. नळी मोडून भरायच्या स्वस्त रायफलीत स्प्रिंग सुटताना रायफल आधी मागे आणि पिस्टन तळाशी आदळला की पुढे उडते; तेही छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. शाळा-क्लबांत ओपन साइटची सुरुवात अशाच रायफलींवर होते, म्हणून हा दुहेरी हिसका नवशिक्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो. फाइनवेर्कबाऊ कंपनीने १९६० च्या दशकात त्यावर सुरेख तोड काढली: आतली यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर बसवली, म्हणजे हिसका यंत्रणेने खायचा आणि दस्ता जागचा हलायचा नाही. पुढे एका दाबात हवा भरणाऱ्या आणि मग सिलिंडरवर चालणाऱ्या रायफली आल्या आणि तो प्रश्नच निकालात निघाला. स्प्रिंगच्या रायफलीवर शिकलेल्याचा हात मात्र चांगला बसतो, असे जुने प्रशिक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला ती नळी मोडतानाच घाम फुटत असेल तर त्या तथ्याचा त्याला उपयोग नाही.

बिचकणे हा या विषयातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. नेमबाजाला ते स्वतःला कळत नाही. बार होतो त्या क्षणी डोळा मिटलेला असतो आणि धक्क्यात सगळे झाकले जाते. ते उघडे पाडण्याची जुनी युक्ती अशी: रेंजवर प्रशिक्षकाने काडतुसे स्वतः भरायची आणि अधूनमधून एक पोकळ डमी काडतूस घालायचे. डमीवर ट्रिगर दाबला गेला की बार होत नाही, पण नळीचे टोक ठळकपणे खाली जाते, खांदा पुढे झेपावतो, डोळे मिटतात. बिचकण्याची मुळे अनेकदा खांद्यात नसून कानात असतात. मोठ्या रायफलीचा आवाज दीडशे डेसिबलच्या पार जातो. कानात बोंडे आणि वरून मफ असे दुहेरी संरक्षण दिले, तर अनेकांचा ‘धक्का’ आपोआप कमी होतो, रायफल तीच असली तरी. मोठ्या काडतुसावर बिचकायला लागलेल्याला धीराचे शब्द ऐकवून उपयोग नाही. त्याला काही आठवडे .२२वर परत आणावे. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

कोकणात एक वेगळाच वाचक या पुस्तकाला मिळेल अशी अपेक्षा आहे: शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत रानडुक्कर आणि माकडांपासून भात, नाचणी, काजू राखण्यासाठी अशा बंदुका घरांत आहेत. बार काढायचा तो बहुधा हवेत, जनावर पळवून लावण्यापुरता. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत येतात. बंदूक वडिलांच्या वेळची, परवाना वारसाने आलेला, आणि आता ती वापरणारा साठीतला सडपातळ माणूस किंवा त्याची सून. तीन किलोची जुनी एकनळी आणि बटवर पॅड नाही; वर दिलेले ४० जूल ते हेच. अशा घरात नवी बंदूक घेण्याआधी बटवर रबरी पॅड बसवणे, दस्ता आखूड करणे आणि कमी छर्ऱ्यांचे काडतूस वापरणे एवढ्यानेच बरेच साधते.

खरेदीच्या बाबतीत कायदा आडवा येतो तो असा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार परवान्याचे किमान वय २१. प्रशिक्षण आणि स्पर्धेसाठी त्याहून लहान नेमबाजांना अटींसह मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. खेळाडूंना यात सवलत आहे. ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांना परदेशी रायफल आयात करता येते. .१७७ बोअरच्या, ठरलेल्या ऊर्जेच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून पनवेलातल्या शाळकरी मुलाची सुरुवात तिथूनच होते आणि तिथूनच व्हावी. परवान्याची बंदूक दुकानात वाजवून पाहता येत नाही, ही ग्राहकाची खरी अडचण. यावर उपाय एकच: आधी क्लबात जायचे, तिथल्या चार-पाच रायफली हाताळायच्या आणि आपले माप ठरल्यावरच पैसे मोजायचे.

मराठीत या विषयावर सलग लेखन झालेले नाही. शिकारकथा झाल्या, खेळाडूंची चरित्रे येत आहेत. पण कुठली रायफल कुणाच्या खांद्याला, हे ज्ञान प्रशिक्षकांच्या तोंडी आणि रेंजवरच्या गप्पांत अडकून पडले आहे, आणि बहुतेक वेळा ते बारीक चणीच्या माणसाला उद्देशून नसतेच. हे पुस्तक ती उणीव भरून काढू पाहते. कुठल्या कंपनीची रायफल सर्वोत्तम, याचा निवाडा इथे नाही, कारण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. काडतुसांची लांबलचक कोष्टकेही नाहीत. आधी शरीर, मग दस्ता, मग काडतूस आणि सर्वांत शेवटी वजन व किंमत, हा निवडीचा क्रम पुस्तकभर पाळला आहे. बहुतेक दुकाने तो नेमका उलटा लावतात. नेमबाजी कशी करावी हे शिकवण्याचा दावा पुस्तक करत नाही. ते प्रशिक्षकाचे काम आहे आणि प्रशिक्षकाविना भरलेल्या बंदुकीला हात लावू नये, हे इथे एकदाच आणि ठासून सांगितले आहे.

वाचकाला एकच विनंती. पुढची पाने उघडण्याआधी घरातली मापाची फीत घ्यावी, कोपरापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतची लांबी मोजावी आणि ती याच पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावी. मुलासाठी वाचत असाल तर शेजारी तारीखही लिहा, आणि दर सहा महिन्यांनी नवे माप घ्या.